एसडीसी नावाची डिस्क कुठे आहे?

उरकणारा : लॉग उघडला की पहिलीच ओळ डोळ्यांत भरते : एसडीसीवर आय-ओ एरर. त्याखाली पुन्हा तीच ओळ, सेक्टरचा आकडा तेवढा वेगळा. आता यात शोधायचं काय उरलं? कर्नलने डिस्कचं नाव सांगितलं, जागा सांगितली, वेळ सांगितली. स्पेअर कपाटात आहे. ती लावा, रिबिल्ड सुरू करा, टिकट बंद करा. मी वर्षानुवर्षं हेच करत आलोय आणि बहुतेक वेळा सर्व्हर मुकाट चालू लागतो. तुमच्यासारखी माणसं मध्ये पडली की साध्या बिघाडावर चौकशी समिती बसते. तिकडे दिवसअखेरची बॅच अडकलेली, ॲप्लिकेशनवाल्यांचे फोनवर फोन, आणि तुम्ही म्हणणार, थांबा, आधी मला समजू द्या. समजून घ्यायला उद्याची सकाळ आहे की!

शंकेखोर : स्पेअर लावाल, पण कुठे? हा सर्व्हर फायबर चॅनेलवरून बाहेरच्या स्टोरेजला जोडलाय. त्याच्या स्वतःच्या पोटात फक्त बूटची जोडी आहे, ती एसडीए म्हणून दिसते. बी, सी, डी, ई ही चार नावं आहेत खरी, पण त्यांच्यामागे चार डिस्क नाहीत. एकच लन आहे. सर्व्हरच्या कार्डाला दोन पोर्ट, स्टोरेजला दोन कंट्रोलर, म्हणजे त्या एका लनकडे जायला चार वाटा. लिनक्स प्रत्येक वाटेला स्वतंत्र डिस्क समजून नाव देतो आणि मल्टिपाथ वर बसून त्या चारांची एक मोट बांधतो. खुद्द तो लन स्टोरेजच्या आत डझनभर डिस्कच्या रेड ग्रुपमधून कापून दिलेला तुकडा. तेव्हा एसडीसीला हात लावून दाखवा असं म्हटलं तर तुम्ही रॅकसमोर उभे राहून काय दाखवणार? ते एका वाटेचं नाव आहे.

आणि ही एरर आली कधी, तेही पाहा. सर्व्हर बूट होताना. कुठे? ब्लॉक शून्यावर, आणि अगदी शेवटच्या काही ब्लॉकवर. काही स्टोरेज अशी असतात की एका वेळी एकच कंट्रोलर लनचा मालक असतो, दुसरा नुसता राखीव. राखीव कंट्रोलरच्या वाटेने कोणी वाचायला गेलं की तो सरळ नाही म्हणतो. बूट होताना मल्टिपाथ अजून उठलेला नसतो. तेवढ्यात पार्टिशन टेबल वाचायला, एलव्हीएमच्या खुणा शोधायला सिस्टिम प्रत्येक नावाचं दार ठोठावते. चारांपैकी दोन दारं बंद, म्हणून लॉगमध्ये एररचा पाऊस. कुठलीही डिस्क बिघडलेली नाही, डेटा जागच्या जागी आहे. उपाय करायचाच तर मल्टिपाथ आणि त्या स्टोरेजचा हँडलर बूटच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यात घालायचा, आणि एलव्हीएमला फिल्टर लावून सांगायचं की सुट्या वाटांकडे बघू नकोस. डिस्क मागवून ही ओळ जाणार नाही.

उरकणारा : हे मान्य. राखीव वाटेच्या एररवरून मीही एकदोनदा उगाच धावलोय, असं समजा. पण सगळ्यांकडे दोन कंट्रोलरचं स्टोरेज नसतं. एसएएस केबलने जोडलेला साधा जेबॉड, म्हणजे डिस्कची नुसती पेटी घ्या. तिथे एसडीसी म्हणजे खरोखरच एक डिस्क असते, तिला बे असतो, बेला दिवा असतो. तिने मीडियम एरर दिली, म्हणजे डिस्कनेच कबुली दिली की माझ्या तबकडीवरून हे वाचता येत नाही. आता तुम्हाला आणखी कुठला साक्षीदार हवा? गुगलच्या लोकांनी २००७ मध्ये एका परिषदेत एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास छापला. स्वतःच्या तपासणीत पहिली स्कॅन एरर सापडल्यावर पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क मरण्याची शक्यता इतरांच्या ३९ पट निघाली. हे वाचल्यावर ती डिस्क एक रात्रही जास्त का ठेवायची?

शंकेखोर : मीडियम एररला माझा आक्षेप नाही. सेन्स की ३, त्यापुढे ११-०० म्हणजे वाचता न आलेला सेक्टर. डिस्क स्वतःच्या तोंडाने बोलतेय. काढा ती. पण लॉगमध्ये दर वेळी एवढं स्पष्ट लिहिलेलं असतं का? बऱ्याचदा तिथे टाइमआउट असतो, अर्धवट सोडलेली कमांड असते, रिसेट असतो. तिथे डिस्कने कसलीच कबुली दिलेली नसते. तिचं उत्तर वेळेत पोचलं नाही, एवढंच सर्व्हरला कळलंय. दूध पातळ आलं की रतीब घालणारा पोऱ्या शिव्या खातो; पाणी गोठ्यात पडलं, डेअरीत की रस्त्यात, हे त्याच्या तोंडाकडे बघून कळत नाही. लॉगचंही तसंच. शेवटी ज्याच्या हातात कमांड होती त्याचं नाव छापलं जातं.

तुम्ही गुगल काढलंत, मी त्याच परिषदेतला पुढच्या वर्षीचा निबंध काढते. २००८ मध्ये नेटॲपच्या सुमारे ३९,००० स्टोरेज सिस्टिम, त्यातल्या १८ लाख डिस्क, ४४ महिन्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. प्रश्न हाच होता, की स्टोरेजच्या बिघाडात मुख्य वाटा डिस्कचाच असतो का? उत्तर आलं, सिस्टिमच्या प्रकारानुसार डिस्कचा वाटा २० ते ५५ टक्के. केबल, कनेक्टर, शेल्फ यांच्या जोडणीचा वाटा २७ ते ६८ टक्के. म्हणजे तुम्ही डोळे मिटून डिस्क बदलता तेव्हा कित्येकदा नाणं उडवल्यापेक्षाही वाईट पैज लावता.

उरकणारा : पण नाणं उडवायला मला दहा मिनिटं लागतात, तुमच्या तपासाला दहा तास. शिवाय त्याच गुगलच्या निबंधात दुसरंही एक वाक्य आहे, ते तुम्ही सोयीने विसरता. मेलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी मरण्याआधी स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या प्रकृतीच्या नोंदींत, कसलीच खूण दिली नव्हती. एकही नाही. तुम्ही पुरावा गोळा करत बसाल आणि एक तृतीयांश वेळा पुरावा येणारच नाही. मग माणसाने आपल्या आवाक्यातली वस्तू बदलून बघावी, यात गैर काय? डिस्क समोरून निघते. केबल रॅकच्या मागे, फरशीखाली, दुसऱ्या दहा केबलींच्या गुंत्यात असते, आणि तिला हात लावायचा तर चेंज मंजूर करून घ्यावा लागतो.

शंकेखोर : आवाक्यात आहे म्हणून तीच दोषी, असं कसं? आणि तपासाला दहा तास लागतात हेही खरं नाही. पहिला प्रश्न दोन मिनिटांचा आहे. एका सेकंदात किती नावं ओरडली ते बघा. एकाच वाटेवरच्या सगळ्या डिस्क ओरडत असतील तर वाट तपासा, सगळ्या वाटांवरून एकच डिस्क ओरडत असेल तर ती डिस्क तपासा. रात्री दोन वाजताही एवढं जमतं.

मग मोजण्या. फायबरच्या पोर्टवर सीआरसीचा, म्हणजे वाटेत फुटलेल्या फ्रेमचा, आकडा असतो. तो कधीपासूनचा साठलेला आहे हे आकड्यावरून कळत नाही, म्हणून आत्ता लिहून ठेवायचा आणि तासाभराने पुन्हा बघायचा. वाढत असेल तर दुखणं चालू आहे. नसेल तर तो मागच्या कुणाच्या तरी काळातला डाग. साटा डिस्कच्या स्मार्टमध्ये १९९ क्रमांकाची ओळ असते, तीही अशीच. केबल खराब असताना ती वाढते, केबल बदलल्यावर कमी मात्र होत नाही. ती बघून कितीतरी चांगल्या डिस्क भंगारात गेल्या असतील. शिवाय सीआरसी ज्या पोर्टवर वाढते, तिथे येणारा प्रकाश खराब असतो. म्हणजे समोरच्या टोकाचा एसएफपी, मधली केबल, किंवा या टोकाची काच.

ती काच तुम्ही कधी मायक्रोस्कोपखाली पाहिली आहे? मल्टिमोड फायबरचा गाभा ५० मायक्रॉनचा, सिंगल मोडचा साधारण ९. बोटाचा तेलकट ठसा किंवा धुळीचा एक कण त्यावर डोंगरासारखा दिसतो. प्रकाश पूर्ण अडत नाही, थोडा कमी होतो, आणि लिंक पडतही नाही. दिवा हिरवाच राहतो. फक्त भार वाढला की मधूनच एखादी फ्रेम फुटते आणि तिची कमांड टाइमआउट होते. व्हेंडरचा माणूस येतो, केबल काढतो, परत खोचतो, सगळं बरं होतं. खोचताना तो कण जरा सरकलेला असतो, एवढंच. महिनाअखेरीला तो पुन्हा जागेवर येतो. क्लीनिंग पेनचा एक क्लिक ज्याला माहीत नाही, तो तीन डिस्क बदलतो.

उरकणारा : आणि केबल काढून खोचल्यावर बरं झालं, तर तुम्हाला त्याचं दुःख होतं! पुरावा गेला म्हणून. मला आनंद होतो, बॅच सुटली म्हणून. माझ्या ग्राहकाला कण कुठे होता याच्याशी देणंघेणं नाही. खरं सांगू? तुमच्या पद्धतीत एक गृहीत दडलेलं आहे, की थांबणं सुरक्षित असतं. ते तसं नसतं. रेड-५ मधली एक डिस्क डळमळत असताना तुम्ही तास तास मोजण्या करता, तो प्रत्येक तास दुसरी डिस्क जाण्याचा धोका असतो.

शंकेखोर : आणि तुमचं गृहीत असं, की डिस्क बदलणं ही निरुपद्रवी क्रिया आहे. रिबिल्ड म्हणजे उरलेल्या प्रत्येक डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचणं. वर्षानुवर्षं कोणी न वाचलेले सेक्टरसुद्धा. १५ लाख ३० हजार डिस्कवरच्या ३२ महिन्यांच्या एका पाहणीत ३.४५ टक्के डिस्कमध्ये असे न कळलेले खराब सेक्टर सापडले होते. त्यांचा पत्ता नेमका रिबिल्डमध्ये लागतो, म्हणजे आधाराला दुसरी प्रत नसताना. साध्या डिस्कच्या कागदावर १०चा १४वा घात इतक्या बिटांमागे न वाचता येणारी एक चूक, असं लिहिलेलं असतं. म्हणजे १२.५ टेराबाइट. प्रत्यक्षात डिस्क त्याहून बऱ्या वागतात, पण उत्पादकाने हमी तेवढीच दिलेली आहे. आणि मूळ दोष केबलचा असेल तर तुमचं रिबिल्डही त्याच केबलवरून, पूर्ण वेगाने. मघाशी रडतखडत चालणारी दुसरी डिस्क त्या भाराने ग्रुपमधून बाहेर फेकली जाते, आणि मग बॅकअपची टेप शोधायची वेळ येते.

त्याहून घातक सवय सांगते. ext4 ने जर्नल सोडलं आणि फाइलसिस्टिम रीड-ओन्ली झाली की तुमची माणसं लगेच ती दुरुस्त करायला एफएससीके चालवतात. वाट अजून डळमळीत. एफएससीके चुकीचं वाचतो आणि त्या चुकीच्या वाचनावर विश्वास ठेवून दुरुस्ती लिहितो. तोवर डेटा शाबूत होता.

उरकणारा : एफएससीकेचं मी लिहून घेतलं. वाट सरळ होईपर्यंत आणि प्रत हातात येईपर्यंत फाइलसिस्टिमला लिहायला लावायचं नाही. यावर आपलं भांडण नाही. पण तुमच्या तपासाच्या आवाक्याबाहेरची एक गोष्ट घ्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने नोटीस काढली : ठरावीक एसएएस एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की फर्मवेअरमधल्या दोषाने बंद पडतील, डेटा परत मिळणार नाही. तीन वर्षं, २७० दिवस, ८ तास. एकाच दिवशी चालू केलेल्या सगळ्या डिस्क एकाच दिवशी जाणार. तुमचा नियम काय म्हणाला असता? एका सेकंदात सगळ्या ओरडल्या, म्हणजे वाट तपासा! लॉग कितीही उकरला असता तरी हे उत्तर त्यात नव्हतं. ते एका नोटिशीत होतं, आणि उपाय होता फर्मवेअर बदलणं. म्हणजे वेळेवर उरकणं.

शंकेखोर : हा टोला बसला. माझा नियम तिथे फसला असता. पण तुमचाही फसला असता, कारण कपाटातली स्पेअर त्याच फर्मवेअरची. भौतिक जगाने नियम मोडल्याची उदाहरणं मी आणखी देते. २००८ च्या अखेरीस सन कंपनीतल्या ब्रेंडन ग्रेगने डिस्कच्या जेबॉडपाशी तोंड नेऊन जोरात आरोळी ठोकली आणि डिस्कला उत्तर द्यायला लागणारा वेळ कसा उसळतो याचा व्हिडिओ दाखवला. २०१६ मध्ये बुखारेस्टमधल्या आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवण्याच्या गॅसची चाचणी घेताना झालेल्या आवाजाने डिस्क निकामी झाल्या. पंख्याची कंपनं, शेजारच्या रॅकचं काम, यातलं काही लॉगमध्ये येत नाही. म्हणून तर मी म्हणते, लॉग हा साक्षीदार आहे, निकाल नव्हे.

(इथे लिहिणाऱ्याने मध्ये तोंड घालायला हरकत नाही. माझा कल शंकेखोराकडे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. डिस्क बदलून न गेलेल्या एरर मी जास्त पाहिल्या आहेत. पण उरकणाऱ्याच्या पुढच्या मुद्द्याला तिच्याकडे पुरतं उत्तर आहे असं मला वाटत नाही.)

उरकणारा : मग निकाल कधी द्यायचा? खरा प्रश्न हा आहे, आणि तो माणसांच्याही आधी यंत्रांना पडतो. डिस्कला सेक्टर वाचता येईना, ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. सर्व्हरसाठीची डिस्क साधारण ७ सेकंदांत हात टेकते आणि एरर सांगते. डेस्कटॉपची स्वस्त डिस्क मिनिटंच्या मिनिटं झगडत राहते, कारण तिला वाटतं एकमेव प्रत तिच्याकडेच आहे. लिनक्स मात्र एका कमांडसाठी ३० सेकंदच थांबतो. मग कमांड रद्द, मग डिस्क रिसेट, तेवढ्याने भागलं नाही तर अख्खं कार्ड रिसेट, आणि त्या कार्डामागच्या निर्दोष डिस्कच्या कमांडही मध्येच तुटतात. एका खराब सेक्टरपायी सगळा शेल्फ ओरडतो. तुम्ही म्हणाल वाट खराब, मी म्हणेन डिस्क खराब, आणि दोघंही थोडे थोडे चूक. मी यावरून एवढंच शिकलो, की बिघाड लपवून झगडत राहण्यापेक्षा लवकर पडावं आणि मोठ्याने पडावं. पोस्टग्रेसवाल्यांनी हेच केलं ना? २०१८ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की लिनक्सवर एफसिंक, म्हणजे लिहिलेलं डिस्कवर पोचवण्याची विनंती, एकदा नापास झाला की कर्नल ती पानं स्वच्छ समजतो आणि पुढचा एफसिंक खुशाल पास होतो. डेटा डिस्कवर नाही, आणि डेटाबेसला वाटतं आहे. त्यांनी ठरवलं, एफसिंक नापास झाला की पुन्हा विचारायचं नाही, डेटाबेसच खाली बसवायचा आणि त्याच्या स्वतःच्या व्यवहारांच्या लॉगवरून उठवायचा.

शंकेखोर : पोस्टग्रेस खाली बसू शकतो, कारण त्याच्याकडे लॉग आहे. ज्याच्याकडे परतीची वाट आहे त्याने लवकर पडावं. बाहेरच्या स्टोरेजमध्ये एक कंट्रोलर पडून दुसरा सूत्रं हाती घेतो त्याला काही वेळा दहावीस सेकंद लागतात, कधी त्याहून जास्त. तेवढ्यात तुमचा सर्व्हर पडला तर दुसरा कंट्रोलर कशाला विकत घेतला? म्हणून व्हीएमवेअरची टूल्स पाहुण्या लिनक्समध्ये तो ३०चा आकडा १८० करतात. माझा आग्रह एवढाच, की खालचा थर आधी हरला पाहिजे. डिस्क ७, तिच्यावरचा ३०, त्याच्यावरचा १८०. आकडे उलटेपालटे झाले की वरचा थर अधीर होऊन खालच्याच्या निस्तरण्यात पाय घालतो, आणि लॉगमध्ये भलत्याचं नाव छापलं जातं.

उरकणारा : कागदावर छान दिसतं. पण प्रत्येक थराने खालच्यापेक्षा जास्त थांबायचं म्हटलं तर सगळ्यात वर कोण आहे? काउंटरवर उभा असलेला माणूस. तो १८० सेकंद थांबत नाही. आणि मल्टिपाथला सगळ्या वाटा गेल्या तरी रांग लावून बस असं सांगून ठेवलं, तर ती रांग कधीच संपत नाही. प्रोसेस डी स्टेटमध्ये, किल नाईननेही मरत नाही, शेवटी सर्व्हरची वीज काढावी लागते. थांबण्याने डेटा वाचला असेलही, सेवा मात्र गेली. दोन्हींपैकी काय वाचवायचं हे तुम्ही टाइमआउटच्या आकड्यात गुपचूप ठरवून टाकता, आणि मी डिस्क बदलून उघडपणे ठरवतो.

शंकेखोर : गुपचूप, हे खरं. म्हणूनच तो आकडा कोणी ठरवला आणि कशासाठी, हे लिहून ठेवायला हवं. बँकेच्या खतावणीला थांबणं परवडतं, तिकीटविक्रीला नाही. एकच स्टोरेज, दोन लन, दोन वेगळे आकडे. ते मी ठरवू शकत नाही, तुम्हीही नाही. ज्याचा डेटा आहे त्याने ठरवावं.

उरकणारा : ज्याचा डेटा आहे त्याला हा प्रश्न आजवर कोणी विचारलेला मी पाहिला नाही. तोवर स्पेअर कपाटात राहू द्या.

शंकेखोर : राहू द्या. शेजारी क्लीनिंग पेनही ठेवा.

वाचकांपैकी ज्यांच्या ताब्यात असा एखादा सर्व्हर असेल, त्यांनी आज प्रत्येक डिस्कच्या नावापुढचा टाइमआउटचा आकडा एकदा उघडून पाहावा. बहुतेक ठिकाणी तो ३० असेल आणि तो कोणी मुद्दाम ठेवलेला नसेल.